विंडोज १० टाकल्यापासून जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसेना

मन्याडकाठ (अहमदपूर)

नमस्कार मंडळी. अहमदपूरला आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, श्रद्धांजलीचे बॅनर, शाळेची प्रगतिपुस्तकं, जे येईल ते काम करतो. मशीन जुनं आहे. कोअर टू ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं जीफोर्स २१० हे १ जीबीचं कार्ड. विंडोज ७ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. पण नवे ब्राउझर ७ वर चालेनात, जीएसटीची आणि बँकेची साईट उघडेना, म्हणून विंडोज १० टाकलं.

तेव्हापासून स्क्रीन १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ चा. त्यामुळं सगळं आडवं ताणलेलं दिसतंय. पत्रिकेवरचा गणपती पसरट, कलश बसका. प्रिंट बरोबर निघते, पण गिऱ्हाईक प्रूफ स्क्रीनवर बघतं आणि "गणपती असा कसा केला हो?" म्हणून विचारतं. दर गिऱ्हाइकाला तेच समजावून सांगावं लागतंय.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर" एवढंच दिसतं. एनव्हिडियाच्या साईटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवला, तर सेटअप म्हणतो जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. इथला एक दुकानदार म्हणाला कार्ड गेलं, नवीन घ्या.

कार्ड खरंच गेलंय का? आणि या मशीनवर खर्च करावा का? श्रीलिपी (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) आणि कोरलड्रॉ (डिझाइनचं) दोन्ही जुनी, विकत घेतलेली आहेत. त्यामुळं विंडोज सोडता येत नाही. लग्नाच्या तिथी तोंडावर आल्यात.

---

हुरडाप्रेमी (परभणी)

दादा, कार्ड गेलेलं नाही. मॉनिटरची केबल कार्डालाच लावलेली आहे ना? मग चित्र कार्डातूनच येतंय. बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर म्हणजे विंडोजला कार्ड दिसतंय, पण त्याचा खास ड्रायव्हर नाही, म्हणून तात्पुरता सर्वसाधारण ड्रायव्हर लावून काम भागवलंय.

आधी कार्डाची ओळख काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथं व्हेंडर आणि डिव्हाइसचे क्रमांक दिसतील. व्हेंडर १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. ती ओळ इथं लिहा. खोक्यावर काय छापलंय आणि पंख्यावर कोणतं स्टिकर आहे, त्यावर जाऊ नका.

---

रोलिंगमिल (जालना)

माझं मत थेट सांगतो. या मशीनमध्ये जीव घालू नका. ऑफिसांतून निघालेले चौथ्या पिढीचे आय३, आय५ डेस्कटॉप जुन्या बाजारात मिळतात. त्यात ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका आणि मोकळे व्हा.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

रोलिंगमिल भाऊ, सल्ला चांगला आहे, पण वेळ चुकीची आहे. माझाही पत्रिकेचाच धंदा. मशीन बदलायचं म्हणजे श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, ओळखवून घ्या, जुने फाँट चढवा, कोरलच्या जुन्या फायली उघडून अक्षरं जागेवर आहेत का बघा, प्रिंटरचे रंग पुन्हा जुळवा. सराईत हे करायला लागलं तर नवरदेव मांडवात येईल तरी पत्रिका छापून व्हायची नाही. आत्ता हे चालू करून द्या, मशीन पावसाळ्यात बदलू द्या.

---

खामकाठचा (छत्रपती संभाजीनगर)

मी कार्डं आणि लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. हा प्रश्न माझ्याकडं सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं धरून लोक चालतात. जुन्या कार्डाला ते लागू नाही. कंपनी एका टप्प्यावर जुनी पिढी नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकते. त्यानंतरच्या कोणत्याही सेटअपला ते कार्ड ओळखताच येत नाही. मन्याडकाठ यांना आलेला संदेश त्याचाच आहे. म्हणजे आपल्याला आपल्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर हवा असतो.

एनव्हिडियाचं असं आहे. ८०००, ९०००, १००, २०० आणि ३०० मालिकेची जीफोर्स कार्डं ३४२.०१ वर थांबली, तो डिसेंबर २०१६ चा आहे. ४०० आणि ५०० मालिका, म्हणजे फर्मी पिढी, ३९१.३५ वर थांबली, मार्च २०१८. जीटी ६१० हे नावानं ६०० मालिकेतलं वाटतं, पण आतून फर्मीच आहे. त्यानंतरची केप्लर पिढी, ज्यात जीटी ७१० येतं, तिचे खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले आणि सुरक्षेचे सप्टेंबर २०२४ पर्यंत आले.

जीटी ७३० बद्दल विशेष सांभाळा. त्याच नावाखाली दोन पिढ्या विकल्या गेल्या. १२८ बिटवालं ९६ कोअरचं फर्मी आहे, ६४ बिटवालं ३८४ कोअरचं केप्लर. नाव एकच, ड्रायव्हर वेगळे. म्हणून हुरडाप्रेमी म्हणतात तसं आयडी आधी बघायचा.

एएमडीत एचडी ५००० आणि ६००० मालिकेला कॅटॅलिस्ट १५.७.१ हा शेवटचा प्रमाणित ड्रायव्हर. त्यानंतर क्रिमसन १६.२.१ आला, पण तो बीटा, म्हणजे चाचणीचा. मी गिऱ्हाइकाच्या मशीनला १५.७.१ च टाकतो.

---

मन्याडकाठ

आयडी बघितला. व्हेंडर १०डीई, डिव्हाइस ०ए६५. केबल कार्डालाच आहे.

बालाघाटी भाऊ, तुम्ही माझ्या मनातलं बोललात.

---

खामकाठचा

०ए६५ म्हणजे जीटी२१८ चिप, खरं जीफोर्स २१०. तुमचा ड्रायव्हर ३४२.०१, विंडोज १० चा ६४ बिटवाला. एनव्हिडियाच्या साईटवर उत्पादनाचं नाव नेमकं निवडलं की जुन्या ड्रायव्हरच्या यादीत मिळतो. दुसऱ्या कुठल्याही साईटवरून घेऊ नका. "तुमचे सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो" म्हणणारे फुकट प्रोग्राम तर अजिबात नकोत. त्यांच्यासोबत नको ते येतं आणि कार्डाला भलताच ड्रायव्हर चिकटवला जातो.

बसवायची पद्धत अशी. ड्रायव्हर आणि डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, दोन्ही आधी उतरवून ठेवा. सिस्टीम रिस्टोअर पॉइंट करा. मग नेटची वायर काढा, वायफाय असेल तर बंद करा. ही पायरी लोक गाळतात. नेट चालू राहिलं तर आपण जुना ड्रायव्हर पुसतो न पुसतो तोच विंडोज अपडेट मागच्या दारानं दुसरा आणून बसवतं, आणि दोन्हींची सरमिसळ होते.

शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबलं की सेफ मोड येतो. तिथं डीडीयू चालवा, एनव्हिडिया निवडा, पुसून रीस्टार्ट करा. साध्या विंडोजमध्ये आल्यावर ३४२.०१ चा सेटअप, कस्टम निवडून. थ्रीडी व्हिजन आणि जीफोर्स एक्स्पीरियन्सच्या खुणा काढून टाका, तुम्हाला फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर लागतो. क्लीन इन्स्टॉलेशनवर खूण करा.

तरी सेटअप नाही म्हणाला, तर फायली सी ड्राइव्हच्या एनव्हिडिया फोल्डरमध्ये सुट्या झालेल्या असतात. डिव्हाइस मॅनेजरमधून अपडेट ड्रायव्हर, मग यादीतून निवडू द्या, हॅव डिस्क, आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल दाखवा.

---

नांदेडी_पेंग्विन (नांदेड)

विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. नूवो हा मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो, जीफोर्स २१० पहिल्या बूटला पूर्ण रिझोल्यूशनवर चालतं. काही शोधायला नको, काही उतरवायला नको. माझ्या भाचीच्या कोअर टू ड्युओवर तेच आहे, तिचा अभ्यास आणि ऑनलाइन फॉर्म सगळं त्यावर होतं.

---

बालाघाटी

पेंग्विन भाऊ, कोरल आणि श्रीलिपीचं काय? इंकस्केप चांगलं आहे, मी वापरून बघितलंय. पण आमच्याकडच्या पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फायली युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरल्याच्या लग्नात छापली होती तशीच करा, फक्त नावं बदला." ती फाइल जशीच्या तशी उघडली पाहिजे.

---

नांदेडी_पेंग्विन

हे पटलं. डीटीपीसाठी आग्रह धरत नाही. घरच्या वापराला मात्र माझं मत तेच. फक्त एक सांगतो, लिनक्सवर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर या कार्डांसाठी ३४०.१०८ वर थांबलाय, २०१९ मध्ये. नव्या कर्नलवर तो बसवायच्या नादी लागू नका. नूवोवर राहा.

---

तेरणा (धाराशिव)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या संगणक कक्षातली मशीनं वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली आहेत. काहींत रेडिऑन एचडी ५४५० आहे, काहींत जीटी ७१०. एकाही मशीनला विंडोज ७ च्या पुढचं काही पेलत नाही, आणि ती इंटरनेटला जोडलेलीही नाहीत. मुलं टायपिंग, चित्रं आणि गणिताचे खेळ करतात.

खामकाठचा सरांनी सांगितलेला १५.७.१ आमच्या ५४५० वर व्यवस्थित आहे. जीटी ७१० वर मात्र ड्रायव्हर बसायचा आणि पिवळा त्रिकोण यायचा, कोड ५२. कारण असं निघालं की पुढच्या काळातल्या ड्रायव्हरांवर शा-२ पद्धतीची डिजिटल सही असते आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला ती सही तपासता येत नाही. सर्व्हिस पॅक १ वर केबी३०३३९२९ हे मार्च २०१५ चं अपडेट पेनड्राइव्हवरून टाकलं आणि त्रिकोण गेला. नेट नसलेल्या कक्षात असं हमखास होतं, म्हणून लिहून ठेवते. दुसऱ्या शाळेच्या कुणाला उपयोग होईल.

सही तपासणं बंद करायचा मार्गही लोक सांगतात. मी तो मुलांच्या मशीनवर वापरणार नाही. त्या दारातून उद्या काहीही आत येऊ शकतं.

---

खामकाठचा

तेरणाताई, अगदी बरोबर. सही बंद करून बसवलेला ड्रायव्हर पुढच्या बूटला पुन्हा अडतोही.

---

डाळमिल_लातूर

आमच्या मिलच्या वजनकाट्यावरचा कम्प्युटर मधेच काळा पडतो आणि परत येतो. खाली कोपऱ्यात संदेश येतो की डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो सावरला. दुपारी जास्त होतं, सकाळी होत नाही. ड्रायव्हर बदलून बघितला, फरक नाही. कार्ड जीटी ६१०. हे पण ड्रायव्हरचंच का?

---

हुरडाप्रेमी

दुपारी जास्त होतंय यातच उत्तर आहे. पंखा उघडून बघा. आमच्याकडं जिनिंगवर कापसाची तूस हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, बाहेरून पंखा फिरताना दिसतो आणि आत हवाच जात नाही. तुमच्याकडं तुरीच्या फोलाची बारीक धूळ असणार. त्यात चैत्र-वैशाखात खोलीतच चाळीसच्या वर पारा.

---

खामकाठचा

+१. तो संदेश इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकानं नोंदला जातो. ग्राफिक्स चिपनं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवायचा उपाय नेटवर सगळीकडं सांगतात. त्यानं संदेश कमी होतो, कार्ड तापायचं थांबत नाही.

ड्रायव्हर की हार्डवेअर हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. मशीन चालू केल्याबरोबर, विंडोज यायच्या आधी, कंपनीचा लोगो किंवा बायोसचा पडदा येतो. तिथंच रेघा, रंगीत ठिपके, तुटकी अक्षरं दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध नाही, कारण तो अजून चालूच झालेला नाही. चिप किंवा तिची मेमरी गेलेली असते. बायोस स्वच्छ, विंडोजचा लोगो स्वच्छ आणि डेस्कटॉप येताना बिघडलं, तर ड्रायव्हरचा संशय. बराच वेळ चांगलं चालून मग बिघडलं, तर उष्णता किंवा वीज.

डाळमिल, मशीन बंद करून वायर काढा, कार्ड बाहेर काढा. ब्रशनं धूळ काढा, पंखा बोटानं धरून ठेवा म्हणजे हवेच्या झोतानं गरगर फिरणार नाही. हीटसिंक सोडवून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नवीन पातळ लावा. सोनेरी पट्टीवर काळपट थर असेल तर खोडरबरानं हलकेच घासा, रबराचा चुरा झटका, मग परत बसवा. कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का तेही बघा.

---

पिवळी_ज्वारी (सेलू)

कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं, असा व्हिडिओ बघितलाय. खरंय का?

---

खामकाठचा

घरी करू नका. ज्या ओव्हनमध्ये पोरांचा केक होतो त्यात प्लॅस्टिक आणि फ्लक्सचा धूर सोडायचा का? गरम केल्यानं काही कार्डं थोडे दिवस चालतात हे खरं, कारण चिपच्या आतले ढिले जोड तात्पुरते टेकतात. परत बिघडतातच. माझ्याकडं असं कार्ड आलं तर मी गरम करून पैसे घेत नाही, बदला म्हणून सांगतो.

---

रोलिंगमिल

विजेचं मी सांगतो, कारण इथं तेच सोसतोय. शेजारी मोठी मोटर चालू झाली की दिवा मंदावतो, आणि त्याच वेळी मशीन अडकतं. लोक ड्रायव्हरला दोष देतात. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरचं पान असतं, तिथं १२ व्होल्टची ओळ बघा. ती ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. त्याखाली जात असेल तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, थकलाय. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, याला आपल्याकडं लोक "एवढं चालतंय" म्हणतात. चालत नाही. माणसालाही धोका आणि बोर्डालाही.

जीफोर्स २१० ला साधारण ३० वॉट पुरतात, सगळी वीज स्लॉटमधूनच मिळते. त्यामुळं मन्याडकाठ यांचा हा प्रश्न नसावा. पण मोठं कार्ड घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं, स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यावरचं सगळं वेगळ्या वायरीनं द्यावं लागतं, आणि जुन्या एसएमपीएसला ती वायरच नसते.

---

कयाधू७ (हिंगोली)

मोठ्या कार्डावरून आठवलं. पुतण्यानं ऑनलाइन "जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी" फार स्वस्तात मागवलं. लावल्यावर चित्र आलं, विंडोजमध्ये नावही तेच दिसलं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की निळा पडदा. पोरगं बिचारं आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसलं, जेवायला हाक मारली तरी उठेना. शेवटी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर नावापुढं "फेक" असं लिहून आलं. आत कुठली तरी जुनी फर्मी चिप, तिची बायोस बदलून नाव खोटं केलेलं. विक्रेता गायब.

---

खामकाठचा

जीपीयू-झेडमध्ये ही तपासणी २०१८ पासून आहे. जुनं किंवा स्वस्त कार्ड घेताना विकणाऱ्यासमोर हे उघडून बघा. जीपीयू-झेड फुकट आहे आणि इन्स्टॉल न करता चालतं. पुतण्याला सांगा त्याचं ड्रायव्हरचं ज्ञान वाया गेलेलं नाही, सुट्टीत माझ्याकडं पाठवा.

---

कयाधू७

सर, सांगितलं त्याला. आत्ताच बॅग भरायला निघालाय.

---

मन्याडकाठ

मंडळी, डीडीयू चालवून ३४२.०१ बसवला. सेटअप शेवटपर्यंत गेला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता जीफोर्स २१० हे नाव आलं, पिवळा त्रिकोण नाही. खिडक्या सरकवताना आधी ओढल्यासारख्या यायच्या, ते गेलं.

पण १३६६ बाय ७६८ यादीत येईनाच! १०२४, १२८० असलेच पर्याय. मॉनिटर्सच्या खाली "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" लिहिलंय.

---

हुरडाप्रेमी

मग आता ड्रायव्हर सोडा, केबल बघा. व्हीजीए केबलमध्ये १५ पिनांची जागा असते. १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर स्वतःची माहिती कार्डाला देतो, मी कोण, माझा खरा आकार किती. त्या पिना वाकल्या किंवा आत तुटल्या की चित्र येतं, रंग येतात, पण कार्डाला मॉनिटर ओळखता येत नाही. म्हणून ते साधारण चालणारे पर्यायच देतं. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलांत मुळातच नसते, ती बघून घाबरू नका.

चांगल्या मॉनिटरची केबल काढून लावून बघा. दोन्ही टोकांचे स्क्रू आवळा. मॉनिटरच्या मागचं टोक विशेष तपासा, झाडताना तेच ओढलं जातं.

---

बालाघाटी

आणि मॉनिटर आणि कार्डाच्या मधे स्प्लिटर किंवा जोडकेबल असेल तर ती आधी काढा. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला आपण दुसरा मॉनिटर लावतो, स्वस्त स्प्लिटरमधून ही माहिती पुढं जातच नाही.

---

मन्याडकाठ

मॉनिटरकडच्या टोकाची एक पिन आत दबलेली निघाली. भावाच्या मशीनची केबल लावली, मॉनिटरचं खरं नाव आलं आणि १३६६ बाय ७६८ लगेच मिळालं. गणपती आता कसा दिसायला पाहिजे तसा दिसतोय. समोर उभ्या असलेल्या वधूपित्यानं प्रूफ एका नजरेत पास केलं.

विंडोज ७ वर हे कसं चालत होतं मग? केबल तर तीच होती.

---

हुरडाप्रेमी

तिथं जुन्या ड्रायव्हरमध्ये ते रिझोल्यूशन कुणीतरी कधीतरी हातानं भरलेलं असू शकतं, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तशी सोय आहे. किंवा मशीन हलवताना आत्ताच पिन दबली असेल. यातलं कोणतं ते आता सांगता येणार नाही, केबल बदला हेच खरं.

---

मन्याडकाठ

बदलतो. आता नेट जोडू का? विंडोज अपडेट पुन्हा काही करेल का?

---

खामकाठचा

जोडा. आधी कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, हार्डवेअर, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज इथं "नो" करा. विंडोज १० प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीतही विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर घेऊ नयेत, अशी निवड आहे. विंडोज १० होमला ती नाही. सुरक्षेची अपडेटं मात्र थांबवू नका. तरी कधी ड्रायव्हर बदललाच, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं रोल बॅक बटण आहे. ३४२.०१ चा सेटअप डेस्कटॉपवर नको, पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

---

रोलिंगमिल

अभिनंदन. माझं म्हणणं मात्र मी मागं घेत नाही, फक्त पुढं ढकलतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापराला जास्तीची सुरक्षा अपडेटं नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. आणि तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ जाणार नाही. २४एच२ या आवृत्तीपासून त्याला पॉपसीएनटी नावाची प्रोसेसरमधली आज्ञा (इन्स्ट्रक्शन) लागते, कोअर टू ड्युओत ती नाहीच, त्यामुळं बूटच होत नाही. आडवाटेनं टाकून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बँक आणि जीएसटी ज्या मशीनवर करता ते अपडेट होणारं पाहिजे.

---

बालाघाटी

यावर माझं आणि रोलिंगमिल भाऊंचं एकमत. मी असं केलंय, पत्रिकेचं मशीन नेटपासून तोडून ठेवलं, त्यावर फक्त कोरल, श्रीलिपी आणि प्रिंटर. बँकेचं काम जुन्या बाजारातल्या दुसऱ्या छोट्या मशीनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो त्या दुसऱ्या मशीनवर व्हायरससाठी तपासून पेनड्राइव्हनं इकडं आणतो. थोडी ये-जा होते, पण सराईच्या मध्यात मशीन बसायची भीती राहत नाही.

---

मन्याडकाठ

हे पटलं. सराई उरकली की दुसरं मशीन घेतो, नेटचं काम त्यावर नेतो, आणि हे फक्त पत्रिकांना ठेवतो. खामकाठचा सर, हुरडाप्रेमी, सगळ्यांचे मनापासून आभार. नवं कार्ड घ्यायचे पैसे वाचले. अहमदपूरला कधी आलात तर दुकानावर या, चहा आणि घरच्या पत्रिकेचं डिझाइन माझ्याकडून.

---

डाळमिल_लातूर

आमचाही निकाल सांगतो. कार्ड उघडलं, पात्यांत फोलाचा थर होता आणि पेस्ट वाळून खडू झालेली. साफ करून पेस्ट लावली. भर दुपारी गाड्यांची रांग असताना काटा चालवला, पडदा काळा पडला नाही. हमाल मंडळी जास्त खूश, त्यांचं खोळंबणं गेलं.

एक राहिलं. या मशीनवर विंडोज ७, ३२ बिट आहे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर तेच मागतं. जीटी ६१० ला कोणता ड्रायव्हर ठेवू? साईटवर दोन-तीन दिसतात.

---

खामकाठचा

३९१.३५, विंडोज ७ चा ३२ बिटवाला. फर्मीचा तो शेवटचा, आणि त्या शाखेनंतर एनव्हिडियानं ३२ बिटसाठी ड्रायव्हर काढलेच नाहीत, त्यामुळं त्याच्या पुढं शोधू नका. आत्ता बसलेला ड्रायव्हर नीट चालत असेल तर तोच राहू द्या, उगाच बदलू नका. काट्याच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप मात्र आजच घ्या.